आवृत्तीचा आंकडा



हेमलकसा हें नांव आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचें असेल. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यांतलें हें एक लहानसें गांव. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा ह्या तीन नद्या जेथें एकत्र येतात तें भामरागड येथून जवळच आहे. बाबा आमटे ह्यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, तेव्हां गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाहि नव्हता; चंद्रपूर जिल्ह्यापासून तो वेगळा झाला १९८२ सालीं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांनीं त्या अरण्यांत रोग्यांची सेवा आरंभिली, त्या वेळीं औषधांइतकीच त्यांना निकड होती ती माडिया भाषेची. कोठें दुखतें हें रोगी सांगतो आहे आणि वैद्याला तें उमगत नाहीं, अशा स्थितींत औषधाची पेटी उघडून तरी काय करावयाचें? ती भाषा त्या दोघांनीं मुद्दाम शिकून घेतली.

आज मला बोलावयाचें आहे तें वैद्यकाविषयीं नव्हे. पण ह्याच मुलखांत आणि ह्याच भाषेच्या संबंधांत घडलेल्या एका चुकीविषयीं. चूक दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे, आणि ती माझी स्वतःची आहे. संगणकासाठीं आज्ञावल्या लिहिणें हा माझा व्यवसाय. ह्या आज्ञावल्यांना, म्हणजे ज्यांना आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतों त्यांना, आवृत्ति-क्रमांक असतात: ३.६, ९.०, १०.१५ असे. आपल्या हातांतला फोन मधून मधून 'नवी आवृत्ति आली आहे' म्हणून जो लकडा लावतो, त्या आवृत्तीचाच हा आंकडा. आपण तो पाहतों आणि सोडून देतों. आम्हां आज्ञावलीकारांना तसें करून चालत नाहीं, कारण आमच्या आज्ञावलीला पुष्कळदां विचारावें लागतें कीं, समोरचें यंत्र अमुक आवृत्तीचें किंवा तिच्या पुढचें आहे काय? हा प्रश्न विचारतांना मीं जो घोटाळा केला, तो पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर केला, हें आधींच सांगून टाकतों.

२०२२ च्या उन्हाळ्यांत माझ्या ओळखीचे एक गुरुजी नागपुरास आले होते. भामरागडाच्याहि पलीकडे एका खेड्यांत ते शिकवितात. बोलतां बोलतां म्हणाले, "भाऊ, पोरं घरीं माडिया बोलतात अन् शाळेंत मराठी वाचतात. आपल्या बोलीच्या कुळालाहि स्वतःचीं अक्षरं आहेत, हें त्यांना एकदां डोळ्यांनीं दिसूं द्या." त्यांना हवा होता एक साधा खेळ. पडद्यावर टोपलींत फळें दिसावीं, मुलानें तीं मोजावीं, आणि खालच्या दहा कळांपैकीं योग्य त्या दाबून उत्तर द्यावें. मात्र त्या कळांवर अंक असावे ते गोंडी.

येथें थोडें थांबून गोंडी अंकांविषयीं सांगितलें पाहिजे. गोंडी ही द्राविड कुळांतली भाषा. २०११ च्या जनगणनेंत ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारें ३० लक्ष होती. माडिया ही तिच्याच गोतांतली. महाराष्ट्रांत आणि मध्यप्रदेशांत गोंडी लिहिली जाते ती बहुधा देवनागरींत, तेलंगणाकडे तेलुगु लिपींत. परंतु १९१८ सालीं बालाघाटकडचे मुन्शी मंगलसिंह मसराम ह्यांनीं गोंडीसाठीं एक स्वतंत्र लिपि रचली. तिला तिचे स्वतःचे दहा अंकहि आहेत. दुसरी एक लिपि आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा ह्या गांवच्या जुन्या हस्तलिखितांतून उजेडांत आली. ह्या लिप्या घरोघर रूढ आहेत असें मुळींच नाहीं. पुष्कळ गोंडी भाषिकांनीं त्या पाहिल्याहि नसतील. गुरुजींचें म्हणणें एवढेंच होतें कीं, न पाहण्याचें कारण यंत्राची अडचण हें तरी नसावें.

आतां यंत्राला अक्षर ठाऊक असतें म्हणजे काय? युनिकोड नांवाचा एक जागतिक तक्ता आहे. जगांतल्या प्रत्येक लिपींतील प्रत्येक अक्षराला त्यांत एक ठरावीक क्रमांकाचें घर दिलेलें असतें. अक्षराला घर मिळालें कीं तें पाठवितां येतें, शोधतां येतें, सांठवितां येतें. घर नसलें कीं तें केवळ चित्र. हा तक्ता एकदम पुरा झाला नाहीं. त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. आपल्या मराठीलाच पाहा. 'ॲप' किंवा 'ॲसिड' ह्या शब्दांचें जें पहिलें अक्षर, त्याला स्वतःचें घर मिळालें तें ५.१ ह्या आवृत्तींत, २००८ सालीं. त्याच्या आधीं लोक 'अ' लिहून त्यावर निराळी चंद्रकोर ठेवीत. कागदावर दोन्ही रूपें डोळ्यांना सारखींच दिसतात. यंत्राला मात्र तीं भिन्न वाटतात, म्हणून एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधला तर सांपडत नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांनीं हा अनुभव घेतला असेल आणि दोष स्वतःच्या शुद्धलेखनाला दिला असेल.

रुपयाच्या चिन्हाचें नशीब मोठें. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेल्या उदयकुमार ह्यांनीं काढलेलें तें चिन्ह भारत सरकारनें जुलै २०१० मध्यें स्वीकारलें, आणि त्याच ऑक्टोबरांत निघालेल्या ६.० ह्या आवृत्तींत त्याला जागा मिळाली. जपानांत २०१९ सालीं नवें राजशक सुरू झालें, तेव्हां तर त्या शकाच्या एका चिन्हापुरती १२.१ ही आवृत्ति काढण्यांत आली. मसराम ह्यांच्या लिपीला घर मिळालें तें १०.० ह्या आवृत्तींत, २०१७ च्या जूनमध्यें. म्हणजे लिपि रचली गेल्यावर ९९ वर्षांनीं. गुंजाळा गोंडी पुढच्याच वर्षीं, ११.० मध्यें आली. राज्य आणि पैसा ज्यांच्या पाठीशीं असतो त्या चिन्हांना तीन महिने पुरतात, एवढेंच तूर्त म्हणतों आणि पुढें जातों.

माझ्या खेळापुरता ह्याचा अर्थ असा होता: यंत्राजवळचा तक्ता १०.० किंवा त्यापुढचा असेल तर गोंडी अंक दाखवावे. त्याच्या आधींचा असेल तर देवनागरी अंक दाखवून वेळ मारून न्यावी. पायथन नांवाच्या ज्या आज्ञाभाषेंत मीं खेळ लिहिला, ती आपल्यापाशीं कोणत्या आवृत्तीचा तक्ता आहे हें विचारल्याबरोबर सांगते. माझ्या यंत्रावर पायथन ३.१० होती, तिचा तक्ता १३.०.० चा. खेळ उत्तम चालला. गोंडी अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, मीं सोबत बांधून दिला, आणि जून महिन्यांत सगळें गुरुजींच्या हवालीं केलें.

जुलैंत त्यांचा फोन आला. आवाज तुटत होता. कोठल्याशा टेकडीवर उभें राहून ते बोलत होते. "भाऊ, चित्र येतं, कळा येतात, अंकहि दिसतात. पोरानं कळ दाबली कीं खेळ मरतो." शाळेंतला लॅपटॉप कोणा संस्थेनें वापरून झाल्यावर दिलेला, जुना. त्यावर पायथन ३.६ होती आणि तिचा तक्ता होता ९.०.० चा. त्या तक्त्याला गोंडी अंक हे अंक आहेत ह्याचा पत्ताच नाहीं. साच्यामुळें आकृति पडद्यावर उमटत होती. पण मुलानें ती दाबल्यावर तिची संख्या करावयाची वेळ आली म्हणजे पायथन म्हणे, 'ही संख्या नव्हे', आणि सगळा कारभार बंद.

पण मग माझ्या तपासणीनें काय केलें? ९ हा १० पेक्षां लहान आहे, तर यंत्रानें मुकाट्यानें देवनागरी अंकांकडे वळावयास हवें होतें. तें वळलें नाहीं, कारण मीं त्याला दोन संख्यांची तुलना करावयास सांगितलेंच नव्हतें. पायथन आपल्या तक्त्याचा क्रमांक सांगते तो अक्षरांची एक ओळ म्हणून. आणि मींहि '१०.०' ही अक्षरांची ओळच त्याच्यापुढें ठेवली. दोन ओळी समोर आल्या म्हणजे यंत्र त्यांची तुलना शब्दकोशाच्या रीतीनें करतें: पहिलें अक्षर पाहावयाचें, त्यावरच निकाल लागला तर पुढें बघावयाचें नाहीं. 'कमळ' आधीं आणि 'घर' मागाहून, मग शब्द कितीहि लांब असोत. ह्या न्यायानें '९' पुढचा आणि '१०' मागचा ठरतो, कारण १०चें पहिलें अक्षर १. जुनें यंत्र छातीवर हात ठेवून म्हणालें कीं, 'मी दहाच्या पुढचा आहें,' आणि मीं त्यावर विश्वास ठेवला. माझ्या स्वतःच्या यंत्रावर ही चूक कळणें शक्यच नव्हतें; १३ आणि १० ह्यांची कोशक्रमानें तुलना केली तरी १३च पुढें येतात. जेथें उत्तर अपघातानें बरोबर येत होतें तेथेंच मीं परीक्षा घेतली होती.

हीच चूक उलट दिशेनेंहि होते, आणि ती अधिक कपटी आहे. समजा, २००८ सालीं कोणी मराठी आज्ञावलीकारानें आपल्या 'ॲ' साठीं अशीच ओळ लिहिली कीं, तक्ता ५.१ किंवा पुढचा असेल तर नवें अक्षर वापर. ही ओळ ५.२ ला चालेल, ६.० ला चालेल, ७, ८, ९ सर्वांना चालेल. आठ-नऊ वर्षें ती निर्वेध चालल्यावर तिच्याकडे पुन्हा कोण पाहणार? आणि मग २०१७ सालीं १०.० येतांच, कोणीं एका अक्षराचाहि बदल न करतां, सर्वांत नवें यंत्र म्हणूं लागेल कीं, 'हें अक्षर माझ्या काळीं नव्हतें.' नवाचे दहा होणें ही प्रत्येक आज्ञावलीच्या आयुष्यांतली एक घांट आहे. आणि योगायोग असा कीं, गोंडी लिपि तक्त्यांत आली ती नेमकी ह्या घांटावरच.

चूक कळल्यावर मीं ती सुधारावयास बसलों, आणि घाईनें दुसरी केली. विचार केला, अक्षरांची तुलना नको तर संख्यांची करूं. शिवाय तक्त्याचा क्रमांक विचारण्यापेक्षां पायथनचाच विचारावा, ३.६ मध्यें गोंडी नाहीं, ३.७ पासून आहे, एवढें मला ठाऊक होतें. तेव्हां मीं पायथनच्या क्रमांकाचे पहिले दोन भाग घेऊन त्यांची दशांश संख्या केली आणि ती ३.७ पेक्षां लहान नाहीं ना, हें पाहिलें. आतां काय व्हावें? शाळेंतल्या लॅपटॉपविषयींचें उत्तर बरोबर आलें असतें, पण माझें स्वतःचें कोरें करकरीत यंत्र मला देवनागरी अंक दाखवूं लागलें! कारण दशांश म्हणून वाचले तर ३.१० म्हणजे ३.१, आणि ३.१ हे ३.७ पेक्षां लहानच. शेवटच्या शून्याला दशांशांत किंमत नसते हें आपण शाळेंतच शिकतों. पायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झाली, तेव्हां ह्याच शून्यानें जगभरच्या पुष्कळ आज्ञावलीकारांना रडविलें होतें. मीं त्यांची हकीकत वाचून हंसलोंहि होतों.

आवृत्ति-क्रमांकांतलें टिंब हें दशांशचिन्ह नव्हे, ही गोष्ट आपल्या घरांत नवी नाहीं. गीतेचा श्लोक सांगतांना आपण २.४७ असा निर्देश करतों. दुसऱ्या अध्यायाचा ५ वा श्लोक ४७ व्याच्या आधीं येतो कीं नंतर? आजीला विचारा, ती आपल्याकडे कींव येऊन पाहील. पण दशांशाच्या न्यायानें २.५ हे २.४७ हून मोठे, म्हणजे पांचवा श्लोक सत्तेचाळिसाव्याच्या नंतर यावयाचा. आणि २.७ व २.७० हे एकच ठरावयाचे, म्हणजे त्यांमधले बासष्ट श्लोक नाहींसेच व्हावयाचे. ज्या घरांत १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या जमाखर्चाच्या वह्या जपून ठेवलेल्या असतील, त्यांनीं त्या काढून पाहाव्या. तेथें ३-१०-० असें लिहिलेलें असेल: तीन रुपये, दहा आणे, शून्य पै. ते ३-९-० पेक्षां एक आण्यानें अधिक, हें दुकानांतला पोऱ्याहि जाणत होता. त्यानें आडव्या रेघांच्या मधला प्रत्येक आंकडा स्वतंत्र, पूर्ण संख्या म्हणून वाचला. आवृत्ति-क्रमांक वाचण्याची खरी रीत हीच. भेद एवढाच कीं, सोळा आणे झाले म्हणजे रुपया होतो. आवृत्तींत मात्र असा हातचा नसतो. ३.९ नंतर ४ यावेच असें नाहीं, ३.१०, ३.११ असें कितीहि चालतें.

म्हणून टिंबाटिंबाशीं तुकडे करावे, प्रत्येक तुकड्याची पूर्ण संख्या करावी, आणि डावीकडून एकेका जोडीची तुलना करावी. पहिली जोडी सारखी निघाली तरच दुसरीकडे जावें. एका बाजूला तुकडे कमी पडले तर तेथें शून्य आहे असें समजावें, नाहीं तर १०.० आणि १०.०.० हे निराळे ठरून नवीच भांडणें उपस्थित होतात. ह्यांत एक गंमत सांगावीशी वाटते. क्रमांकाचे तुकडे जर कोणीं देवनागरी अंकांत लिहून दिले, तरी पायथन त्यांची संख्या करते. '१०' म्हणजे तिला दहाच. ३.७ पासून पुढें गोंडी अंकांचीहि करते.

आणखी एक खांचखळगा आहे. पुस्तक प्रसिद्ध होण्याआधीं त्याचीं मुद्रितें निघतात, तशीं आज्ञावलीचींहि निघतात. त्यांना अल्फा, बीटा अशीं नांवें देऊन तीं क्रमांकाला जोडतात. '२.० बीटा' ही '२.०' च्या आधींची प्रत. परंतु शब्दकोशाच्या न्यायानें लांब ओळ मागाहून येते, तेव्हां कच्चें मुद्रित पक्क्या पुस्तकाहून नवें ठरतें. असले अपवाद इतके आहेत कीं, तुलनेचें काम स्वतः करूंच नये हें उत्तम. प्रत्येक मोठ्या आज्ञाभाषेंत त्यासाठीं तयार आणि पारखलेलें साहित्य मिळतें. मींहि तेंच वापरावयास हवें होतें. पण दोन ओळींच्या कामाला दुसऱ्याकडे काय जावयाचें, हा गर्व.

क्रमांक देणाऱ्यांनींहि कांहीं शिस्त घालून घेतली आहे. टॉम प्रेस्टन-वेर्नर ह्यांनीं एक नियमावलि मांडली, तिची २.० ही आवृत्ति २०१३ ची. तिच्या मतें क्रमांकाचे तीन तुकडे असावे. शेवटचा वाढला तर समजावें कीं केवळ शुद्धिपत्र जोडलें आहे. मधला वाढला तर नवीं प्रकरणें घातलीं, जुनीं जशींच्या तशीं आहेत. पहिला वाढला तर ग्रंथच फिरून लिहिला आहे, जुन्या पृष्ठांकांवर विसंबूं नका. नियम चांगला आहे. पाळला जातो तितका उपयोगी पडतो. सर्वांनाच तो रुचतो असें नाहीं. डोनाल्ड नूथ ह्यांनीं मुद्रणासाठीं रचलेल्या 'टेख' ह्या आज्ञावलीच्या आवृत्त्या ३.१४, ३.१४१, ३.१४१५ अशा वर्तुळाच्या परिघाच्या गुणोत्तराकडे सरकत आहेत. २०२१ सालीं त्यांना नऊ दशांश स्थळें झालीं. अक्षरांनीं वाचा, दशांशानें वाचा, तुकड्यांनीं वाचा, क्रम बिघडत नाहीं. अर्थात् हें ज्याच्या आज्ञावलींत चुका जवळजवळ उरल्याच नाहींत त्यालाच शोभतें.

माझ्यासारख्यांच्या चुकांचा जगावर काय परिणाम झाला आहे पाहा. मोठमोठ्या यंत्रप्रणालींना खोटें बोलावें लागलें आहे! विंडोज ९५ ही वस्तुतः चवथी आवृत्ति. पण जुन्या आज्ञावल्या तुलनेंत चुकतात असें दिसल्यावरून ती त्यांना आपला क्रमांक ३.९५ सांगे. ऑपेरा ह्या न्याहाळकाची दहावी आवृत्ति २००९ सालीं निघाली, तेव्हां कित्येक संकेतस्थळें क्रमांकाचा पहिला अंक तेवढा वाचीत आणि तिला पहिली आवृत्ति समजत. म्हणून ऑपेरानें आरंभीं ९.८० असें सांगून खरा १०.०० हा क्रमांक ओळीच्या शेवटीं घातला. २०२० सालीं ॲपलच्या मॅक यंत्रप्रणालीची ११ वी आवृत्ति आली, तीहि जुन्या आज्ञावल्यांना आपण १०.१६ असल्याचें सांगत असे. २०२२ सालीं क्रोम आणि फायरफॉक्स ह्यांची शंभरावी आवृत्ति येण्याआधीं तर दोन अंकांचे तीन झाले म्हणजे कोण कोण कोसळेल ह्याची रीतसर रंगीत तालीम झाली. एकानें उतावळेपणें प्रश्न विचारावा, आणि दुसऱ्यानें त्याच्या समजुतीसाठीं कायमचें असत्य बोलावें, असा हा व्यवहार आहे. आणि एकदां सांगितलेलें असत्य मागें घेतां येत नाहीं, कारण तोंवर त्याच्यावर विसंबणारे दुसरे निर्माण झालेले असतात.

ह्या सगळ्याचा विचार करतांना मला माझ्या खेळांतली मूळ चूक निराळीच दिसूं लागली. मला काय जाणून घ्यावयाचें होतें? ह्या यंत्राला गोंडी अंक कळतात कीं नाहीं, एवढेंच. तें न विचारतां मीं त्याचें वय विचारलें आणि वयावरून अनुमान बांधलें. युनिकोडच्या बाबतींत तें अनुमान एरवीं चालतें, कारण तक्त्यांत एकदां दिलेलें घर पुन्हां काढून घ्यावयाचें नाहीं असा तेथें दंडक आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत निघालेल्या १७.० मध्येंहि मसराम गोंडी जेथल्या तेथेंच आहे. परंतु सर्वत्र असा दंडक नसतो. पायथन २ साठीं लिहिलेल्या कितीतरी आज्ञावल्या २००८ सालीं निघालेल्या पायथन ३ मध्यें चालल्या नाहींत. तेथें 'नवी आहे, म्हणजे जुनें सगळें येत असेल' ही समजूत महाग पडली. आणि नुसता तक्ता असूनहि भागत नाहीं. अक्षराचा साचा निराळा, जोडाक्षरें जुळवून मांडणारी आज्ञावली निराळी, आणि त्या प्रत्येकीची आवृत्ति निराळी. तिघांचीं वयें विचारून बेरीज करीत बसण्यापेक्षां एक गोंडी अंक यंत्रापुढें ठेवून 'ह्याची संख्या कर पाहूं' असें म्हणणें अधिक सरळ. त्यानें केली तर गोंडी अंक दाखवावे; न केली तर देवनागरी. तपासणींत आवृत्तीचा उल्लेखच उरला नाहीं. वैद्यानें रोग्याची जन्मपत्रिका बाजूला ठेवून नाडी पाहावी, तसें हें झालें.

असा दुरुस्त केलेला खेळ मीं पेनड्राइव्हवर घालून पाठविला. तो हेमलकशापर्यंत पोंचला आणि तेथें अडकला. पर्लकोटा नदी हेमलकसा आणि भामरागड ह्यांच्या मधून वाहते. पावसाळ्यांत तिच्या पुलावर पाणी चढलें कीं भामरागड व त्यापलीकडचीं गांवें तुटतात. त्या वर्षीं गडचिरोलींत पूर मोठा होता. चार ओळींची दुरुस्ती एका परिचिताच्या घरीं फडताळांत कित्येक दिवस पडून राहिली. शहरांत आपण अशा वेळीं तारेनें नवी आवृत्ति पाठवितों आणि तासाभरांत चूक विसरतों. तेथें मीं जें चुकीचें लिहिलें होतें तें पाणी ओसरेपर्यंत चुकीचेंच राहिलें, आणि तोंवर वर्गांतल्या मुलांची अशी समजूत झाली असावी कीं, हे अंक दाबले म्हणजे यंत्र बिघडतें. ती समजूत मला त्या क्रमांकाच्या घोटाळ्याहून अधिक बोंचली.

पोळ्याच्या सुमारास पेनड्राइव्ह शाळेंत गेला. खेळ आतां मरत नव्हता. परंतु कळांवर देवनागरी अंक होते. यंत्राला गोंडी अंक येत नव्हते आणि आतां तें तसें सरळ सांगत होतें. गुरुजींना हें पसंत पडलें नाहीं, आणि पडण्याचें कारणहि नव्हतें. दिवाळीच्या सुटींत ते तो लॅपटॉप पिशवींत घालून नागपुरास घेऊन आले. त्यावर नवी पायथन चढविली, आणि माझ्या आज्ञावलीच्या एकाहि ओळीला हात न लावतां कळांवर गोंडी अंक आले.

डिसेंबरांत त्यांचा पुन्हां फोन आला, त्याच टेकडीवरून. "भाऊ, एका पोरीनं टोपलींतले आंबे मोजले. नऊ झाले, अन् खालीं एक पडलेला दिसला. तिनं आपल्या अंकांत दहा लिहिले. यंत्र बरोबर म्हणालं."